समुद्राचं टाइमटेबल आपल्या स्वयंपाकघरात टांगलेलं असतं : यवतमाळहून वेळासची ट्रिप प्लॅन करताना

(या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' कमी केलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज समुद्र. आता तुम्ही म्हणाल, यवतमाळात बसून समुद्रावर बोलणारा हा कोण? बरोबर आहे. आपल्या जिल्ह्यापासून समुद्र इतका लांब आहे की आपल्याला तो फक्त वॉलपेपरवर माहीत असतो. पण म्हणूनच हा एपिसोड आपल्यासाठी आहे. रत्नागिरीच्या पोराला याची गरज नाही, त्याला हे घरातच शिकवलेलं असतं.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी आम्ही ऑफिसचे पाच जण कोकणातल्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, आमची होती. रिसॉर्ट नको, शांत जागा हवी, टेंट लावू, शेकोटी करू, असा प्लॅन. सकाळी पोचलो तर समोर डांबरी रस्त्यासारखी कडक, ओली, सपाट वाळू. पाणी पार लांब. एक म्हणाला, गाडी घाल. मी घातली. फोटो काढले, रील झाली, खडकापर्यंत चालत गेलो. परत आलो तेव्हा पाणी गाडीपासून वीस पावलांवर होतं आणि मागची दोन्ही चाकं वाळूत अर्धी बुडाली होती. ॲक्सिलरेटर दिला की आणखी खाली.

शेवटी गावातला ट्रॅक्टर आला, दोर लावला, दहा-बारा जणांनी ढकललं. गाडी निघाली तेव्हा पाणी बंपरला लागत होतं. गर्दीत एक म्हातारे कोळी आजोबा होते. ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, "पोरांनो, आज तिथी कोणती?"

आम्ही पाच इंजिनीअर. पाचही जणांच्या खिशात स्मार्टफोन. कोणालाच माहीत नव्हतं. आजोबा म्हणाले, "घरी कॅलेंडर नाही का?"

हा एपिसोड त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

कॅलेंडरमध्ये समुद्र कुठून आला?

आपल्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. आई त्यात दूधवाल्याचे खाडे लिहिते, गॅस कधी लावला ते लिहिते. त्याच चौकोनात बारीक अक्षरात तिथी छापलेली असते. कोकणातले लोक तीच तिथी बघून भरतीची वेळ काढतात. हिशोब एवढाच : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. तीनने गुणा, चारने भागा. जे येईल ते घड्याळात पूर्ण भरतीची वेळ.

उदाहरण घ्या. अष्टमी. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच.

हे जादूटोणा वाटतं, पण यामागे सरळ गणित आहे. भरती मुख्यतः चंद्रामुळे येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला परत गाठायला पृथ्वीला जास्तीची पन्नासेक मिनिटं लागतात. म्हणून आजची भरती उद्या साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. आणि तिथी म्हणजे तरी काय? चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला त्याचं माप. म्हणजे पंचांग आणि समुद्र दोघंही एकाच चंद्राचा हिशोब ठेवतात.

माझ्यातल्या प्रोग्रामरला यात एक बग दिसला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी! मग कागदावर मांडलं. तीस तिथ्यांत भरतीची वेळ घड्याळाचे पूर्ण चोवीस तास फिरते. चोवीस तास भागिले तीस म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊणपटीच्या नियमात आपण पंचेचाळीस धरतो, कारण ते तोंडी करायला सोपं. तिथीमागे तीन मिनिटं बुडतात, आणि पंधरवड्याच्या शेवटी ती पाऊण तास होतात. उडी तिथून येते. म्हणजे नियम चूक नाही, राउंड ऑफ केलेला आहे.

आता महत्त्वाचं. हा नियम अंदाजासाठी आहे, जीव टाकण्यासाठी नाही. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अचूक वेळ हवी तर सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था समुद्राची स्थिती आणि उंच लाटांचे इशारे देते. निघायच्या आदल्या दिवशी ते बघायचंच. मग तिथी कशाला? कारण ट्रिपची तारीख आपण दोन महिने आधी ठरवतो, आणि तेव्हा भिंतीकडे बघून एका मिनिटात कळतं की त्या दिवशी समुद्र कसा असेल.

उधाण आणि भांग

दोन शब्द लक्षात ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते. भरती जास्त वर चढते, ओहोटी जास्त खाली जाते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ओढ एकमेकांना छेदते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं. त्याला भांग म्हणतात. पावसाळ्यात बातम्यांमध्ये 'मुंबईत आज साडेचार मीटरपेक्षा उंच भरती' असं ऐकता ना, ते उधाणाचे दिवस. दक्षिणेकडे मालवण-गोव्याला जाल तसा हा फरक कमी होत जातो.

साडेचार मीटर म्हणजे दीड मजला. आमची गाडी अडकली तो दिवस मी नंतर कॅलेंडरवर शोधला. अमावास्येचा दुसरा दिवस होता.

या वेळी कुठे, आणि का?

या वेळी मी मित्रांबरोबर नाही, घरच्यांबरोबर जातोय. आई, बाबा, दिग्रसचे मामा आणि नऊ वर्षांचा भाचा. ठिकाण वेळास. रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका. नाना फडणवीसांचं मूळ गाव. जवळच सावित्री नदीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला.

पण लोक तिथे जातात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी चोरली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी वाचवायला सुरुवात केली. अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडायची. आज हे काम वन विभाग आणि गावातले कासवमित्र बघतात. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका मादीला सॅटेलाइट टॅग लावला, पश्चिम किनाऱ्यावरची पहिलीच. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.

आणि तिथे मोठं हॉटेल शोधू नका. गावकऱ्यांच्या घरी राहायचं. अंगणात किंवा पडवीत गादी, उकडीचा भात, आमटी, सोलकढी, नशीब असेल तर मोदक. किनारा गावापासून चालत. मोबाइलची रेंज येईल तेव्हा येईल.

"मग टेंट?" भाच्याचा पहिला प्रश्न. टेंट कासवांच्या किनाऱ्यावर लावायचा नाही. रात्री मादी वर येत असेल तर उजेड, आवाज आणि अडथळा बघून परत फिरते. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, म्हणजे आपल्या टॉर्चमुळे समुद्राऐवजी गावाकडे. त्यामुळे टेंट हवाच असेल तर घरमालकांना विचारून त्यांच्या अंगणात. भाचा मान्य झाला. त्याला फक्त झिप उघडून बाहेर यायचं आहे.

दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर, जिथे परवानगी आहे, तिथे कॅम्प करत असाल तर वाळूवर सुकलेल्या शेवाळाची, काड्या-शिंपल्यांची एक रेघ दिसते ती शोधा. पाणी अलीकडे तिथपर्यंत आलं होतं. पण भांगाच्या दिवशी दिसणारी रेघ उधाणाला पुरत नाही. टेंट तिच्या बऱ्याच वर, झाडांच्या बाजूला. आणि टेंटच्या खुंट्या सुक्या वाळूत धरत नाहीत. पिशवीत वाळू भरा, तिला दोरी बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरा. मग वारा आला तरी झोप लागते.

तारीख कशी काढली?

पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर येतात. अंड्यांना पन्नासेक दिवस लागतात, ऊन-वाऱ्यानुसार मागेपुढे. त्यामुळे अमुक दिवशी दिसतीलच असं कोणी सांगू शकत नाही. हे आपल्या टिपेश्वरसारखं आहे. सफारीची जिप्सी बुक करता येते, वाघ बुक करता येत नाही. एक रात्र काढून 'काहीच दिसलं नाही' असं म्हणण्यापेक्षा निदान दोन रात्री ठेवा, आणि निघण्याआधी गावात फोन करून घरटी उघडायला आलीत का ते विचारा.

या वर्षी गुढीपाडवा १९ मार्चला, गुरुवारी. चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजे अमावास्या नुकतीच संपलेली. शुक्रवार द्वितीया, शनिवार तृतीया, रविवार चतुर्थी. आता पाऊणपट करा. भरती दुपारी दीड, सव्वादोन, तीन. म्हणजे सकाळी सूर्योदयाला पाणी उतरत असेल, किनारा रुंद असेल, पिल्लं सोडायच्या वेळी उभं राहायला जागा असेल. पाण्यात खेळायचं ते सकाळी दहा ते एकच्या मध्ये, पाणी चढत असताना. संध्याकाळी पाणी पुन्हा उतरत असणार, म्हणून संध्याकाळी फक्त वाळूवर. चंद्रकोर लवकर मावळेल, मग आकाश काळं आणि तारे भरपूर.

एक लक्षात ठेवायचं की हे दिवस अमावास्येला लागून आहेत, म्हणजे उधाणाचे. पाण्याची ओढ जास्त. लहान मुलं किंवा पाण्याला घाबरणारी माणसं असतील आणि डुंबणं हाच मुख्य कार्यक्रम असेल, तर अष्टमीच्या आसपासची तारीख घ्या. आमचा मुख्य कार्यक्रम कासवं आहेत, म्हणून ही तारीख. शिवाय रमजान ईदही त्याच सुमाराला, तीसुद्धा चंद्र दिसण्यावर. म्हणजे सुट्ट्या आणि गर्दी दोन्ही. राहायची सोय आधी पक्की करा.

मामा आणि अरुणावती

आता खरा अवघड भाग. मामा. मामा लहानपणापासून विहिरीत पोहलेले, अरुणावती धरणात उड्या मारलेले. मी म्हटलं, "मामा, समुद्रात कंबरेच्या वर जायचं नाही." तर म्हणाले, "मले काय पाणी शिकोतं बे तू? तुले पोहणं कोणं शिकोलं?"

शिकवलं त्यांनीच. म्हणून मी वाद घातला नाही. परातीत पाणी घेतलं, परात हलवली आणि दाखवलं.

विहिरीचं पाणी उभं असतं. नदीचं पाणी एकाच दिशेने जातं, आणि कुठे जातं ते आपल्याला दिसतं. समुद्राचं पाणी लाटांनी किनाऱ्यावर येतं, आणि आलेलं सगळं पाणी परतही जावं लागतं. ते कुठून जातं? कधीकधी एका अरुंद पट्ट्यातून, जोरात, आत. याला रिप करंट म्हणतात. फसवणारी गोष्ट ही की त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत, गडद पाणी. विहिरीत पोहलेल्या माणसाला तीच जागा बरी वाटते. तो तिथेच उतरतो.

त्यात सापडलं तर पट्टीचा पोहणारासुद्धा किनाऱ्याकडे तोंड करून जोर लावतो, जागेवरच राहतो आणि दमतो. दमला की संपलं. करायचं उलटं. ओढीशी भांडायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. पट्टा अरुंद असतो, त्याच्या बाहेर आलं की लाटाच तुम्हाला परत आणतात. आणि बाहेर उभ्या माणसाने वाचवायला धावत आत शिरायचं नाही. दोरी, रिकामा कॅन, बॉल, जे तरंगेल ते फेकायचं आणि गावातल्यांना हाक मारायची.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. आपल्याच वयाची पोरं होती, पिकनिकला आलेली. मी मामांना हे सांगितलं. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग पोट्टं कोणाजवळ राहीन?" म्हणजे भाचा कोणाकडे असेल. ठरलं : पाण्यात असताना भाच्याचा हात मामांच्या हातात, आणि एक मोठा माणूस कायम कोरड्यावर, फोन बाजूला ठेवून. मामांना काम दिलं की ते नियम पाळतात.

जायचं कसं?

अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही यवतमाळ–दारव्हा–कारंजा, तिथून समृद्धी महामार्ग, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे. पुण्यापर्यंतच सहाशेच्या आसपास होतात, म्हणून मुक्काम पुण्यात. पुढे ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, बागमांडला. तिथून फेरीबोटीत गाडीसकट सावित्री ओलांडून वेश्वी, आणि पुढे बाणकोट, वेळास. फेरीला सुट्टीच्या दिवशी रांग लागते, आणि ती रात्रभर चालत नाही. चुकली तर मंडणगडमार्गे लांबचा फेरा.

समृद्धीवर निघण्याआधी टायर बघा. सिमेंटचा तापलेला रस्ता, जुना टायर आणि १२० चा वेग हे गणित वाईट आहे. ट्रेनने जायचं तर धामणगाव किंवा बडनेऱ्याहून मुंबई, आणि तिथून कोकण रेल्वेने माणगाव. पुढे एसटी.

बॅगेत काय?

थोडक्यात सांगतो.

रोख पैसे. गावात एटीएम असेलच असं धरू नका, आणि रेंज नसेल तर यूपीआय चालत नाही.

मॅप्स ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. घरमालकांचा नंबर कागदावर लिहा.

टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. पिल्लांवर फ्लॅश नाही, हात नाही, कासवमित्र सांगतील त्या दोरीच्या मागे उभं राहायचं.

ओआरएस. आपण पंचेचाळीस डिग्री सोसणारी माणसं, म्हणून कोकणातले तेहतीस ऐकून हसतो. हसू नका. आपल्याकडे घाम वाळतो आणि अंग थंड होतं. आपला कूलरही त्याच तत्त्वावर चालतो, कोरड्या हवेत पाणी उडतं म्हणून. कोकणच्या दमट हवेत घाम उडतच नाही, अंगावरून वाहतो. तिथे कूलर कोणाकडे दिसत नाही, त्याचं कारण हेच. तहान लागायच्या आधी पाणी प्या.

आणि जून ते सप्टेंबर ही ट्रिप करूच नका. जून-जुलैमध्ये मासेमारीच बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते घरी बसतात तेव्हा आपण पाण्यात उतरण्यात काही अर्थ नाही.

गाडी वाळूवर? नाही. बहुतेक किनाऱ्यांवर मनाई आहे, चाकांनी वाळू दबते, खाली घरटं असू शकतं. आणि माझा अनुभव तुम्ही ऐकलाच आहे.

तर मंडळी, आजचा होमवर्क. हा एपिसोड संपला की स्वयंपाकघरात जा. कॅलेंडर काढा. आजची तिथी बघा, पाऊणपट करा आणि नेटवर रत्नागिरी किंवा मुंबईची आजची भरतीची वेळ शोधून ताडून बघा. किती मिनिटांचा फरक आला ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. आईला विचारलंत तर ती तिथी न बघताच सांगेल. माझ्या आईने सांगितली.

वेळासहून आलो की पुढचा एपिसोड. पिल्लं दिसली तर त्यांचा, नाही दिसली तर मामांचा.